लाईफ इन्शुरन्सची जुनी सिस्टीम नव्या प्लॅटफॉर्मवर कशी न्यायची

हे सगळं मी लाईफ इन्शुरन्स धरून लिहितोय, कारण मायग्रेशनचा, म्हणजे जुन्यातून नव्यात हलवण्याचा, खरा कस तिथेच लागतो. मोटरची पॉलिसी बहुतेक वर्षाची असते, रिन्यूअल नव्या सिस्टीममधून काढायला लागलात की वर्षभरात बराचसा धंदा आपोआप तिकडे जातो, मागे राहतात ते कोर्टात अडकलेले थर्ड पार्टी क्लेम. लाईफमध्ये असं होत नाही. २००० साली आपल्याकडे प्रायव्हेट कंपन्यांना परवानगी मिळाली, पुढच्या दोनतीन वर्षांत ज्यांनी ३० वर्षांच्या एंडॉवमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसी) घेतल्या त्या २०३१-३३ ला मॅच्युअर होणार, आणि होल लाईफवाले, म्हणजे आयुष्यभराचा विमा घेतलेले, तर त्याच्याही पुढे. त्या माणसाला मॅच्युरिटीला किती रुपये मिळणार हे बाँडच्या कागदावर पूर्ण लिहिलेलं नसतं, ते हिशेब जुन्या प्रोग्राममध्ये असतात. म्हणून मी टीमला पहिल्या मीटिंगमध्येच सांगतो की स्क्रीन किती छान दिसतात, क्लाउड कुठला, मायक्रोसर्व्हिसेस किती हे सगळं नंतर बघू, आधी ज्याला जे कबूल केलंय ते त्याला नव्या सिस्टीममधूनही पैशापैशाने तेवढंच मिळतंय हे सिद्ध करायचंय, आणि तेही प्रत्येक पॉलिसीसाठी, नमुन्याला घेतलेल्या दोनशे पॉलिसींसाठी नव्हे.

उदाहरण म्हणून एक मध्यम लाईफ कंपनी घ्या. जुनी सिस्टीम एएस/४०० वर, म्हणजे आयबीएमने १९८८ ला आणलेलं ते मशीन, आता त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमला आयबीएम आय म्हणतात, आत आरपीजी किंवा कोबॉल ह्या जुन्या भाषांतले प्रोग्राम, समोर काळ्यावर हिरवी अक्षरं. हे मशीन वाईट नाही हे आधी मान्य करा, बॅच (रात्री एकत्र चालणारी कामं) पडत नाही, वर्षानुवर्षं चालतं. बदलायचं कारण वेगळंय. ते प्रोग्राम वाचू शकणारी माणसं रिटायर होतायत, नवीन प्रॉडक्ट आणायला सहासहा महिने जातात, आणि मोबाईल अ‍ॅपला काही हवं असेल तर रात्रीच्या बॅचची वाट बघावी लागते.

काय न्यायचं ते आधी ठरवा

सगळंच न्यायचं म्हटलं की प्रोजेक्ट संपत नाही. प्रॉडक्टची यादी काढा, विक्री चालू असलेले आणि बंद झालेले वेगळे करा, प्रत्येकात किती पॉलिसी जिवंत आहेत ते बघा. असे प्रॉडक्ट नक्की सापडतील की ज्यात शेपन्नास पॉलिसी उरल्यात पण नियम मात्र सगळ्यात विचित्र. त्यांच्यासाठी नव्या प्लॅटफॉर्मवर पूर्ण प्रॉडक्ट कॉन्फिगर करायचं का, का सोपी व्यवस्था करायची, हे अ‍ॅक्च्युरिअल टीमला, म्हणजे विम्याचं गणित करणाऱ्यांना, बसवून ठरवा.

मग स्टेटस. इनफोर्स (चालू) आणि पेड-अप (हप्ते थांबले पण कमी रकमेवर चालू राहिलेले) तर न्यायचेच. लॅप्स (हप्ता न भरल्याने बंद) झालेल्यांमध्ये लोक घाई करतात आणि 'लॅप्स म्हणजे संपलं' म्हणून सोडून देतात, तसं करू नका, रिव्हायव्हलची, म्हणजे पॉलिसी परत चालू करायची, मुदत बाकी असेल तर तो माणूस उद्या थकलेला हप्ता घेऊन ब्रँचला येऊ शकतो. आणि ही मुदत सगळ्यांना सारखी नसते, आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०१९ च्या नियमांनुसार नॉन-लिंक्डला पाच वर्षं आणि लिंक्डला (बाजाराशी जोडलेल्यांना) तीन, त्याआधीच्या जुन्या प्रॉडक्टमध्ये साधारण दोन. म्हणजे पॉलिसी कधीच्या प्रॉडक्टमधली आहे त्यावर नियम ठरणार, एकच नंबर सगळ्यांना लावून चालणार नाही.

संपलेल्या पॉलिसींचंही नीट बघा. क्लेम दिला, पैसे पोचले, विषय बंद, अशा पॉलिसी सरळ अर्काइव्हला. पण मॅच्युअर झाली आणि चेक परत आला, वारसाचा पत्ता सापडत नाही, असे पैसे कंपनीकडे पडून असतात, दहा वर्षांत कोणी मागायला आलं नाही तर ते सीनियर सिटिझन्स वेल्फेअर फंडात भरावे लागतात. ही नोंद तारखेसकट नव्या सिस्टीममध्ये यायलाच हवी.

जुना कोड वाचा, कागदावर विसंबू नका

प्रॉडक्टचं नियामकाकडे फाईल केलेलं डॉक्युमेंट एक सांगतं आणि प्रोग्राम कधीकधी दुसरंच करतो. दोन्ही समोरासमोर ठेवून बघणारा माणूस टीममध्ये पाहिजे, आणि त्याला पुरेसा वेळ पाहिजे. बहुतेक प्लॅन ह्या कामाला चार आठवडे देतात, मला ते कायम कमी वाटतात.

कुठे बघायचं ते सांगतो. पहिलं राऊंडिंग. कोबॉलमध्ये स्पष्ट सांगितलं नसेल तर दशांशानंतरचे जास्तीचे आकडे सरळ कापले जातात, आरपीजीतही हाफ-अ‍ॅडजस्ट (राऊंडिंगची सूचना) दिलं नसेल तर तसंच. म्हणजे १२३४.५६७ चं जुन्या सिस्टीममध्ये १२३४.५६ होतं आणि नव्या जावा कोडमध्ये कोणीतरी सवयीने हाफ-अप लावलं की १२३४.५७. एका पैशाचा फरक, कोणाला वाटेल सोडा, पण तो बोनसमध्ये दरवर्षी धरला जातो, पुढे त्यावर सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच मोडल्यावर मिळणारी रक्कम), त्यावर लोन, त्यावर व्याज, आणि लाखो पॉलिसींची बेरीज फायनान्सच्या लेजरशी जुळेनाशी होते. पैशांसाठी फ्लोटिंग पॉइंट (आकडे अंदाजे साठवणारा टाईप) वापरणं तर सोडूनच द्या, दशांश टाईपच वापरा.

दुसरं वय. कुठे मागच्या वाढदिवसाचं वय धरतात, कुठे जवळच्या वाढदिवसाचं. ३५ वर्षं ७ महिन्यांचा माणूस एका हिशेबाने ३५ चा, दुसऱ्याने ३६ चा. मॉर्टॅलिटी चार्ज, म्हणजे मृत्यूच्या जोखमीचा आकार, बदलला.

तिसरं म्हणजे तारखा, आणि इथे मी जरा थांबतो, कारण इथली चूक कोणाच्या तरी घरावर येते. समजा पॉलिसी २९ फेब्रुवारी २००४ ला सुरू झाली, हप्ता वार्षिक. लीप नसलेल्या वर्षी हप्त्याची तारीख कुठली धरायची, २८ फेब्रुवारी का १ मार्च? ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता उशिरा भरायची सवलत, ३० दिवसांचा (मासिक हप्त्याला १५). पहिल्या हिशेबाने ग्रेस ३० मार्चला संपतो, दुसऱ्याने ३१ मार्चला. हप्ता भरायचा राहिला आणि माणूस ३१ मार्चला गेला तर एक सिस्टीम म्हणेल पॉलिसी चालू आहे, विम्याची पूर्ण रक्कम, म्हणजे सम अ‍ॅश्युअर्ड द्या, दुसरी म्हणेल लॅप्स किंवा पेड-अप. जुनी सिस्टीम वीस वर्षं काय धरत आली ते शोधा आणि तेच नव्यात ठेवा. नव्या प्लॅटफॉर्मच्या डेट लायब्ररीत जे डिफॉल्ट असेल ते हा प्रश्न ठरवणार नाही, लीगल आणि कंप्लायन्स ठरवतील.

कोडमध्ये पॉलिसी नंबर घालून लिहिलेल्या अटी पण शोधा. कधीतरी तक्रारीत तडजोड झाली, एखाद्याला जादा बोनस कबूल केला, आणि त्यावेळच्या प्रोग्रामरने थेट त्या नंबरसाठी ओळ टाकली. ही माहिती दुसरीकडे कुठेच नसते.

आणि ऑप्सच्या (रोजचं काम करणाऱ्या) लोकांशेजारी जाऊन बसा. क्लेम, सर्व्हिसिंग, फायनान्स, सगळीकडे. सिस्टीमला जे जमत नाही ते त्यांच्या एक्सेलमध्ये असतं, महिन्याच्या शेवटी कोणीतरी हाताने जर्नल (हिशेबाची नोंद) पास करत असतं. त्या एक्सेल्सची यादी करा, त्यासुद्धा मायग्रेशनमध्येच धरायच्या.

आता जुनी सिस्टीमच चुकत असेल तर? असं निघतंच. गुपचूप दुरुस्त करू नका. 'माहीत असलेला फरक' म्हणून रजिस्टरमध्ये लिहा, किती पॉलिसींवर परिणाम, किती रक्कम, कोणाच्या बाजूने, आणि अपॉइंटेड अ‍ॅक्च्युअरी, लीगल, कंप्लायन्स यांनी लेखी निर्णय द्यायचा. पॉलिसीधारकाला आजवर कमी गेलं असेल तर ते परत द्यायचा विषय तिथेच निघाला पाहिजे, माझं ह्याबाबत ठाम मत आहे, मायग्रेशन हे असल्या गोष्टी झाकायचं निमित्त होता कामा नये.

डेटा

एएस/४०० आणि मेनफ्रेमवर अक्षरं एबसिडिक नावाच्या आयबीएमच्या कोडमध्ये असतात, आणि रकमा बऱ्याचदा पॅक्ड डेसिमलमध्ये, एका बाईटमध्ये दोन आकडे आणि शेवटी अर्ध्या बाईटमध्ये चिन्ह, सी किंवा एफ म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. १२३४५ ही रक्कम तीन बाईटमध्ये बसते. पूर्ण फाईल टेक्स्ट समजून एका फटक्यात कन्व्हर्ट केलीत तर नावं बरोबर दिसतील आणि रकमांचा कचरा होईल. फील्डनुसारच कन्व्हर्ट करायचं, कॉपीबुक किंवा डीडीएस (फाईलमधल्या फील्डचं वर्णन) हातात घेऊन.

तारखांचे प्रकार बघून डोकं फिरतं. सात आकड्यांच्या तारखेत पहिला आकडा शतकाचा, ० म्हणजे १९०० चं, १ म्हणजे २००० चं, म्हणून १२४०३३१ म्हणजे ३१ मार्च २०२४. पण फील्ड नुसतं आकड्यांचं असलं की पुढचं शून्य गळतं आणि १९९९ ची तारीख सहाच आकडी दिसते, मग डेटा काढायचा प्रोग्राम लिहिणारा गोंधळतो. दोन आकडी वर्ष असेल तर अजून त्रास, ह्या मशीनचा नियम ४० ते ९९ म्हणजे १९४० ते १९९९, आणि ०० ते ३९ म्हणजे २००० ते २०३९. १९३८ चा जन्म असलेले आजोबा २०३८ ला जन्मणार, आणि २०४२ ची मॅच्युरिटी १९४२ ला होऊन गेलेली. जन्मतारीख, सुरुवातीची तारीख आणि मॅच्युरिटी यांचा क्रम बरोबर लागतो का ही तपासणी प्रत्येक रेकॉर्डवर चालवा. सगळे नऊ, सगळी शून्यं असलेल्या तारखांना काहीतरी अर्थ असतो, तो विचारून घ्या. 'फिलर' लिहिलेल्या जागा रिकाम्या आहेत असं समजू नका, कोणीतरी त्यात फ्लॅग ठेवलेला असतो.

मग माणसं. जुनी सिस्टीम पॉलिसी नंबरवर चालते, नवीन प्लॅटफॉर्मला एक माणूस एक क्लायंट आयडी हवा असतो, म्हणजे एकाच माणसाच्या चार पॉलिसी जोडायच्या. आपल्या महाराष्ट्रात हे अवघड जातं, एका पॉलिसीवर आडनाव आधी, दुसरीवर शेवटी, तिसरीवर नुसती इनिशियल्स. बायकांच्या बाबतीत तर लग्नाआधीच्या पॉलिसीवर वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, नंतरच्या पॉलिसीवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, कधी पहिलं नावसुद्धा बदललेलं. नुसत्या नावावर जुळवायला गेलात तर एक बाई दोन होते, किंवा त्याहून वाईट, दोन वेगळ्या बायका एक होतात आणि एकीच्या पॉलिसीचं स्टेटमेंट दुसरीच्या मोबाईलवर जातं. पॅन, जन्मतारीख, बँक खातं, सीकेवायसी (केंद्रीय ओळख-नोंदीचा) नंबर यातलं निदान दोन जुळल्याशिवाय ऑटोमॅटिक जोडू नका, शंका असेल तर वेगळे ठेवा. वेगळे राहिलेले नंतर जोडता येतात, चुकीचे जोडलेले सोडवणं फार कठीण.

मोबाईल नंबरनुसार ग्रुप करून बघा. एकाच नंबरवर चाळीस पॉलिसी दिसल्या तर तो बहुतेक एजंटचा नंबर आहे, त्याने स्वतःचा टाकलाय. नव्या सिस्टीममध्ये ओटीपी त्या नंबरवर जाणार असेल तर हे आधी साफ झालंच पाहिजे, ह्या कामाला ब्रँचची मदत लागते आणि महिने लागतात, म्हणून पहिल्या दिवशीच सुरू करा. तसंच नॉमिनी अज्ञान म्हणून नोंदलेला आणि अपॉइंटी (त्याच्या वतीने पैसे घेणारा) दिलेला, पण आता ते मूल पंचवीस वर्षांचं झालंय, अशा नोंदी बाजूला काढा.

टेस्टिंगला खरा डेटा वापरताना नावं, पॅन, नंबर मास्क करा, २०२३ चा डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा आहेच, पण साधं कारण असं की टेस्टमधून खऱ्या माणसाला 'आपली पॉलिसी लॅप्स झाली आहे' असा एसएमएस जाऊ शकतो. क्लाउड घेत असाल तर आयआरडीएआयच्या रेकॉर्ड्सच्या नियमाप्रमाणे पॉलिसी आणि क्लेमची रेकॉर्ड्स भारतातल्याच डेटा सेंटरमध्ये हवीत, व्हेंडरशी करार करतानाच हे लिहून घ्या, बॅकअपची जागा सुद्धा.

पैशांच्या जागा

टॅक्स हे सगळ्यात सोपं दिसणारं आणि हमखास चुकणारं काम. ३० जून २०१७ पर्यंत सर्व्हिस टॅक्स, १ जुलैपासून जीएसटी, त्यात टर्मला (बचत नसलेला नुसता मृत्यूचा विमा) १८ टक्के, एंडॉवमेंटला पहिल्या वर्षी ४.५ आणि नंतर २.२५, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवर काहीच नाही, ग्रुपवर मात्र आहे. दर तारखेनुसार टेबलमध्ये ठेवा, आणि जुन्या पावत्या जशा फाटल्या तशाच आणा, प्रीमियम किती टॅक्स किती. नव्या इंजिनने जुना टॅक्स परत काढायचा प्रयत्न करू नका.

युलिपमध्ये (पैसे बाजारातल्या फंडात गुंतवणारी पॉलिसी) प्रत्येक फंडाचे युनिट्स जेवढे दशांश आहेत तेवढ्या सकट आणा आणि फंड अकाउंटिंगशी फंडनिहाय जुळवा. नुसतं बॅलन्स आणून भागत नाही, चेक बाउन्स झाला की मागच्या तारखेचा व्यवहार त्या दिवशीच्या एनएव्हीने (युनिटच्या भावाने) उलटवावा लागतो, म्हणून व्यवहारांचा इतिहास आणि एनएव्हीचा इतिहास दोन्ही हवेत. १ सप्टेंबर २०१० च्या आधीच्या युलिपची चार्जेसची रचनाच वेगळी, ती नवीनसारखी समजू नका.

प्रीमियम सस्पेन्स, म्हणजे अजून पॉलिसीला न लावलेले पैसे, कटओव्हरच्या (नव्या सिस्टीमवर प्रत्यक्ष जायच्या) आधी जेवढा रिकामा करता येईल तेवढा करा. कुठल्या पॉलिसीचे ते न कळलेले पैसे तसेच नव्या सिस्टीममध्ये लोटले तर त्यांचा माग कायमचा जातो.

आणि नॅच, म्हणजे बँक खात्यातून हप्ता आपोआप कापायची व्यवस्था. ग्राहकाकडून नवीन मँडेट (कापायची परवानगी) मागायची वेळ आणू नका, यूएमआरएन (मँडेटच्या नंबरा) सकट जुनंच पुढे चालवा, स्पॉन्सर बँकेबरोबर आधी टेस्ट फाईल करून घ्या. कटओव्हरच्या आठवड्यात बँकेकडे गेलेली फाईल आणि तिचं उत्तर वेगवेगळ्या सिस्टीममध्ये पडायला नको. जुनीतून पाठवलेलं, उत्तर यायच्या आत नवीन सिस्टीम सुरू, तिला वाटतं हप्ता आलेला नाही, ती परत पाठवते, आणि माणसाच्या खात्यातून दोनदा पैसे जातात. पगारावर जगणाऱ्याला हे फार लागतं. शेवटची फाईल, तिची सगळी उत्तरं, मगच पॉलिसी हलवायच्या.

एकदम का टप्प्याटप्प्याने

एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपले ग्राहक एका वीकेंडला नव्या प्लॅटफॉर्मवर नेले, साधारण ५० लाख लोक, आणि त्यानंतर कित्येकांना आपली खाती उघडता येईनात, गोष्टी मार्गी लागायला महिने गेले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड केला. डेटा हलला होता, प्लॅटफॉर्मच नीट चालला नाही. बँकेची गोष्ट असली तरी आपल्याला लागू आहे.

माझा कल टप्प्यांकडे. आधी नवा बिझनेस नव्या प्लॅटफॉर्मवर लिहा, तिथे टीमचा हात बसतो, मग टर्मसारखे साधे प्रॉडक्ट हलवा, मग पारंपरिक बोनसवाले, शेवटी युलिप आणि ग्रुप किंवा जे तुमच्याकडे अवघड असेल ते. मध्ये एक छोटी सर्व्हिस लागते जी पॉलिसी नंबर बघून सांगते की ही जुन्यात आहे का नव्यात, कॉल सेंटर आणि पोर्टल दोघंही तिलाच विचारतील. खर्च वाढतो, दोन सिस्टीम, दोन बॅच, एजंटचं कमिशन दोन ठिकाणून येतं आणि त्याचं पर्सिस्टन्सी (किती पॉलिसी टिकल्या ते) एकत्र मोजावं लागतं, हे आधीच बजेटमध्ये धरा. आणि शेवटच्या टप्प्याची तारीख पहिल्या दिवशी बोर्डाकडून घ्या, नाहीतर दोन्ही सिस्टीम वर्षानुवर्षं चालत राहतात.

मॉक रन (तालीम) आणि रेकॉन (जुळवाजुळव)

पूर्ण डेटावर मॉक करा, निदान तीन, जमलं तर जास्त. प्रत्येकात वेळ मोजा, फॉलआउट (न हलू शकलेली रेकॉर्ड्स) मोजा. आधी संख्या, मग बेरजा, म्हणजे सम अ‍ॅश्युअर्ड, प्रीमियम, जमा बोनस, लोन बाकी, फंडनिहाय युनिट, सस्पेन्स. इतक्यावर बरेच लोक साईन-ऑफ मागतात, देऊ नका, कारण बेरीज जुळूनही दोन पॉलिसींची रक्कम आपसात अदलाबदल झालेली असू शकते.

खरी तपासणी पॉलिसीनिहाय. दोन्ही सिस्टीमला एकच तारीख द्या आणि प्रत्येक पॉलिसीसाठी विचारा, आज सरेंडर केली तर किती, आज मृत्यू झाला तर किती, पेड-अप केली तर किती, पुढचा हप्ता कधी आणि किती, मॅच्युरिटीला किती. हे मशीनने करायचंय, त्यामुळे सगळ्या पॉलिसी घ्यायला काहीच हरकत नाही. फरक शून्य पाहिजे, किंवा त्या रजिस्टरमधल्या एखाद्या नोंदीला चिकटलेला पाहिजे. मग तारीख पुढे ढकला, ३१ मार्च, बोनस जाहीर होतो तो दिवस, २९ फेब्रुवारी, आणि परत तेच. रिझर्व्हचा (पुढच्या देण्यांसाठी बाजूला ठेवायच्या रकमेचा) आकडा अपॉइंटेड अ‍ॅक्च्युअरीने दोन्हीकडून काढून बघायचा.

कटओव्हर

जानेवारी ते मार्च हात लावू नका, टॅक्स वाचवणाऱ्यांची गर्दी आणि इयर एंड एकत्र असतात. मे ते ऑगस्टमधला, बँकांच्या सुट्ट्या बघून निवडलेला वीकेंड बरा. रनबुकमध्ये प्रत्येक काम, कोण करणार, किती वेळ, अडलं तर कोणाला फोन. परत फिरता येण्याची शेवटची वेळ घड्याळात लिहा, आणि तो निर्णय एकाच माणसाच्या हातात द्या. मागे फिरायची तालीम सुद्धा मॉकमध्ये झालेली हवी.

फ्रीजच्या, म्हणजे व्यवहार थांबवलेल्या, दिवसांत डेथ क्लेम थांबवायचे नाहीत. त्या घरात पैशांची खरीच निकड असते, म्हणून फ्रीजच्या आदल्या रात्री सगळ्या पॉलिसींचे डेथ बेनिफिट काढून ठेवा आणि हाताने मंजुरी द्यायची पद्धत क्लेम टीमला आधी शिकवा, पेमेंट नंतर सिस्टीममध्ये चढवता येतं. ब्रँच, एजंट आणि कॉल सेंटरला पंधरा दिवस आधी सांगा, काय बंद राहील आणि ग्राहकाला काय उत्तर द्यायचं ते मराठी-हिंदीत लिहून द्या.

जुनं मशीन बंद करताना

घाई नको. एक पूर्ण चक्र जाऊ द्या, एक इयर एंड, एक बोनस, एकदा प्रीमियमची सर्टिफिकेट्स. तोवर जुनी सिस्टीम फक्त वाचायला चालू, आणि ती समजणारी दोन माणसं पगारावर, काँट्रॅक्टवर नव्हे. दरम्यान अर्काइव्ह तयार करा, त्यात नुसती टेबलं ओतू नका, पॉलिसी नंबर टाकला की लेजर, पत्रं, एंडॉर्समेंट (पॉलिसीतले बदल), असाइनमेंट (पॉलिसी दुसऱ्याच्या नावे करणं) सगळं वाचता येईल असं हवं. बंद करायच्या आधी क्लेममधल्या एखाद्या अधिकाऱ्याला बोलवा, २००४ च्या कुठल्याही संपलेल्या पॉलिसीचा लोनचा हिशेब आयटीच्या कोणालाही न विचारता काढायला सांगा. त्याला तो काढता आला तर स्विच ऑफची तारीख ठरवा, नाही आला तर अर्काइव्हवाल्यांकडे परत पाठवा.